अंगावर काढणे

मराठीत काही वाक्प्रचार असे आहेत की ते परप्रांतीयाला समजावून सांगताना आपलीच तारांबळ उडते. 'अंगावर काढणे' हा त्यांतलाच एक. ताप आला, औषध घेतले नाही, कामही सोडले नाही, आणि चार दिवसांनी ताप आपसूक उतरला, म्हणजे तो 'अंगावर काढला'. वर्गात हा वाक्प्रचार आला की मी मुलांना त्याचा वाक्यात उपयोग करायला सांगते. इतक्या वर्षांत मला त्यात एक गंमत दिसून आली आहे. मुलांच्या वाक्यांत दुखणे अंगावर काढणारी व्यक्ती बहुधा 'आई' असते. क्वचित आजी असते. दुखणे अंगावर काढणारे वडील माझ्या तपासणीत फारसे आलेले नाहीत. वडिलांना ताप आला की तो साऱ्या घरादाराला कळतो!

या वाक्प्रचाराचा एक सख्खा शेजारी आहे. 'अंगावरून जाणे.' काय जाते, कुठून जाते, ते सांगायचे नाही. फार तर 'पांढरे' किंवा 'लाल' एवढा रंग सांगायचा आणि पदर सावरायचा. याला जुना, नेमका शब्दही आपल्याकडे आहे: धुपणी. शेतकऱ्याच्या तोंडी जमिनीची 'धूप' असते आणि बाईच्या वाट्याला 'धुपणी'. कानाला तरी ही दोन्ही सख्खी भावंडे वाटतात. फरक इतकाच, की जमीन धुपू लागली तर घरधनी लागलीच बांध घालतो. बाईची धुपणी मात्र अंगावर काढायची असते.

दिवाळीच्या अंकात हा विषय कशाला, असे कुणाच्या मनात येईल. पण अंक घरात येतो तो बहुधा बाईच्याच हातून फिरतो. फराळाची कढई उतरल्यावर दुपारी तोच उशाशी असतो. त्या दुपारच्या वाचकांसाठी हे लिहिते आहे. इतरांनीही वाचायला हरकत नाही.

माळेगाव बुद्रुक हे आमचे गाव उसाचे. एका बाजूला नीरा, जवळून कालवा, आणि साखर कारखान्यामुळे पंचक्रोशीत नाव. इथल्या बायका दुखण्याबद्दल बोलत नाहीत असे नाही. गुडघे, कंबर, पित्त यांवर त्या तासभर बोलतील. पण 'त्या' दुखण्याचे नाव निघाले की आवाज खाली येतो, आणि उपायांची यादी मात्र भराभर सुरू होते. कडुनिंबाच्या पाल्याचे पाणी, तुरटीचे पाणी, त्रिफळ्याचा काढा, तांदळाचे धुवण. अलीकडे या यादीत एका नव्या पाहुण्याची भर पडली आहे. छोटी तपकिरी बाटली, झाकणाला थेंब पाडायची नळी, आणि आत उग्र वासाचे तेल. शहरातली भाची मोबाईलवरून मागवून देते आणि दोन दिवसांत बाटली दारात येते. देणारा काही विचारत नाही, घेणाऱ्याला काही सांगावे लागत नाही. माझ्या मते या तेलाचा सर्वांत मोठा गुण हाच आहे. त्यासाठी तोंड उघडावे लागत नाही.

मागच्या पावसाळ्यात आमच्या आळीतल्या एक वहिनी अशीच बाटली पदराआड घेऊन माझ्याकडे आल्या. वय पंचेचाळिशीच्या पुढे, घरी दहा एकर ऊस, सुना-मुले, सगळे यथास्थित. बाटलीवरचा मजकूर इंग्रजीत आणि मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत होता. "मॅडम, एवढं वाचून सांगा," त्या म्हणाल्या. मी वाचले. टी ट्रीचे तेल, शंभर टक्के शुद्ध, शंभर टक्के नैसर्गिक, केवळ बाह्य उपयोगासाठी. वहिनी थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग त्यांनी विचारले, "बाह्य म्हंजे कुठपर्यंत?"

भाषेच्या प्राध्यापिकेला आयुष्यात फार कमी वेळा इतका नेमका प्रश्न विचारला जातो.

मग हळूहळू सगळे बाहेर आले. सहा महिने खाज होती, दह्याच्या कवडीसारखे पांढरे जात होते, लघवीला आग होत होती. पाल्याचे पाणी झाले, तुरटी झाली. दुकानातून 'खाजेचं मलम' आणून झाले. आता या तेलाचे थेंब कापसाच्या बोळ्यावर घालून आत ठेवायचे, असे भाचीने कुठेसे वाचले होते. एकदा करूनही झाले होते. "मिरची कुटल्यागत आग झाली बघा. दोन दिवस बसता येईना." मग पुन्हा का करायचे आहे, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "आग हुती म्हंजे औषध लागतंय, असं म्हनत्यात."

आता त्या दुखण्याबद्दल आधी सरळ सांगते. कँडिडा नावाची एक सूक्ष्म बुरशी असते. पीठ आंबवणाऱ्या किण्वाची ती लांबची नातलग. आमच्या साखरेच्या मुलखात मळीपासून अल्कोहोल करतात ते किण्वाच्याच बळावर, तेव्हा ही जात साखर मिळाली की कशी फोफावते ते इथे कुणाला सांगायला नको. ही बुरशी पुष्कळ निरोगी माणसांच्या तोंडात, आतड्यांत आणि स्त्रियांच्या योनिमार्गात मुळातच थोडीफार असते. तिथे तिच्या शेजारी लॅक्टोबॅसिलस जातीचे उपकारक जंतू राहतात. ते तिथली आम्लता राखतात आणि बाकीच्यांना डोके वर काढू देत नाहीत. घरातल्या करत्या सासूसारखे! हा तोल बिघडला की बुरशी माजते. जिवाणूनाशक औषधांचा मोठा कोर्स झाला, गरोदरपण आले, शरीराची प्रतिकारशक्ती उतरली किंवा रक्तात साखर वाढली, तर तोल बिघडतो. दर चार स्त्रियांपैकी तिघींना आयुष्यात निदान एकदा तरी हा त्रास होतो, असे वैद्यकाची पुस्तके सांगतात. म्हणजे आमच्या आळीत हळदीकुंकवाला चाळीस बायका जमल्या, तर तीस जणींनी हे कधी ना कधी भोगलेले असणार. आणि त्या तिशीतल्या प्रत्येकीला वाटत असते की हे आपल्या एकटीच्याच वाट्याला आले. हे दुखणे वाईट चालीचे लक्षण नाही, अस्वच्छतेची शिक्षा नाही. उलट, साबणाने आतून धुण्याचा अट्टहास केला तर ते वाढते.

राहिले तेल. त्याच्यावर मी उगीच राळ उडवणार नाही. टी ट्री हे झाड ऑस्ट्रेलियाचे. त्याचे कूळ पाहिले तर ते आपल्या जांभळाचे, पेरूचे, लवंगेचे आणि निलगिरीचे भाऊबंद निघते. त्याच्या पानांतले तेल जंतुनाशक आहे हे १९२० च्या दशकात सिडनीच्या आर्थर पेनफोल्ड या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले. आपल्या ओव्यात थायमॉल असते, लवंगेत युजेनॉल असते. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत कँडिडा वाढवली आणि तिच्यावर ही तेले घातली तर ती मरते. हे खरे आहे, आणि जाहिरातीत बरोबर हेच वाक्य छापलेले असते.

पण बाईचे शरीर म्हणजे काचेची बशी नव्हे. बशीत उकळते पाणी ओतले तरी बुरशी मरेल! प्रश्न असा, की जेवढ्याने बुरशी मरते तेवढ्याने आतली नाजूक त्वचा जगते का. ते किती घालावे, किती दिवस घालावे आणि त्याने दुखणे खरोखर बरे होते का, याचा भरवसा देतील असे माणसांवरचे पुरेसे प्रयोग अजून झालेले नाहीत. होते ते आग, सूज, आणि काहींना कायमची अॅलर्जी. टी ट्रीचे तेल पोटात गेले तर ते विषारी आहे. मुलांच्या हाती लागेल असे ते ठेवू नये. आणखी एक गोष्ट बाटलीवर लिहिलेली नसते. तेलकट पदार्थाने निरोधचे रबर कमकुवत होते.

'पण ते नैसर्गिक आहे ना?' हा शेवटचा मुद्दा असतो. मराठी घरात वाढलेल्या बाईने तरी हे म्हणू नये. बिब्बा नैसर्गिकच आहे. त्याचेही तेलच निघते. आणि बिब्बा उतला म्हणजे अंगाची काय दशा होते, हे आपल्या आज्यांना पक्के ठाऊक होते. बिब्ब्याचा टिपका कुठे द्यावा आणि कुठे देऊ नये, याचे त्यांच्याजवळ शास्त्र होते. आजीबाईच्या बटव्याला मी नमस्कार करते तो त्यातल्या वस्तूंपेक्षा त्यातल्या तारतम्याला. ही बाटली तारतम्याशिवाय घरात आलेली आहे.

शिवाय, जे दवाखान्यातले ते 'केमिकल' आणि जे बाटलीतले ते निसर्गाचे, ही वाटणीही खरी नाही. या बुरशीवरचे पहिले भरवशाचे औषध दोन बायकांनी शोधले, आणि ते मातीतून शोधले. एलिझाबेथ हेझन न्यूयॉर्क शहरात आणि रेचल ब्राउन ऑल्बनीला. दोघी न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात. एकीने मातीतले जंतू वाढवायचे, बुरशीवर तपासायचे, बरणीत भरून टपालाने दुसरीकडे पाठवायचे. दुसरीने त्यातला गुणकारी अंश वेगळा करून परत टपालानेच धाडायचा. व्हर्जिनियातल्या एका गोठ्याच्या शेतातल्या मातीत त्यांना हवा तो जंतू सापडला आणि १९५० साली निस्टॅटिन जगापुढे आले. नाव राज्याच्या नावावरून ठेवले, स्वतःच्या नव्हे. आणि औषधाच्या हक्काचे लक्षावधी डॉलर आले ते दोघींनी संशोधनाला देऊन टाकले.

तेही परदेशचे म्हणून दूरचे वाटत असेल, तर आपल्या पुणे जिल्ह्यात या. पिंपरीला १९५४ साली सरकारने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना काढला. तिथे एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ च्या सुमारास मातीत राहणाऱ्या एका जंतूपासून बुरशीवरचे नवे औषध मिळवले. जंतूचे नाव ठेवले स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना, आणि औषधाचे हॅमायसिन. मुलांच्या तोंडातल्या पांढऱ्या बुरशीवर आणि बायकांच्या याच दुखण्यावर ते वापरले गेले. ज्या दुखण्याचे नाव आपण घेत नाही, त्याच्या औषधाच्या नावामागे आपल्या पिंपरीचे नाव उभे आहे, हे किती जणींना ठाऊक आहे? पुढे आणखी सोपी औषधे आली. आत ठेवायच्या क्लोट्रिमॅझोलच्या गोळ्या, किंवा फ्लुकोनॅझोलची तोंडाने घ्यायची एकच गोळी. गरोदर बाईला ही दुसरी गोळी चालत नाही, म्हणूनही डॉक्टरांना विचारून घ्यायची. किंमत बहुधा त्या तपकिरी बाटलीहून कमीच.

विचारून घ्यायचे याला दुसरेही मोठे कारण आहे. पांढरे जाणे हे नेहमी दुखणे नसते. पाळीच्या चक्रात थोडे पांढरे जाणे हा शरीराचा धर्मच आहे. आणि दुखणे असले तरी ते नेहमी बुरशीचे नसते. मासळीसारखा वास येत असेल तर कारण निराळे, हिरवट-पिवळे जात असेल तर निराळे. काहींत नवऱ्यालाही औषध द्यावे लागते. ते डोळ्यांनी तपासून आणि काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून कळते; भाचीच्या मोबाईलवरून कळत नाही.

वहिनींना मी एवढेच म्हटले, "बाह्य म्हणजे कुठपर्यंत, ते डॉक्टरीणबाईच सांगतील. चला, मी येते." बारामती इथून जवळच. एस.टी.त त्या खिडकीबाहेर बघत होत्या. डॉक्टरीणबाईंनी तपासले, काचपट्टी घेतली, बुरशीच आहे म्हणाल्या. आणि मग त्यांनी एक प्रश्न विचारला, जो सहा महिन्यांत कुणी विचारला नव्हता. "रात्री लघवीला किती वेळा उठता?" वहिनी म्हणाल्या, "चारदा." रक्त तपासले. साखर तीनशेच्या घरात! साखर कारखान्याचे सभासद असलेल्या घरात साखर कुठे साठत होती, याचा पत्ता कुणालाच नव्हता. शरीर सहा महिने ओरडून सांगत होते, आणि प्रत्येक उपायाने त्याच्या तोंडावर हात ठेवला जात होता. तेलाने त्यांची बुरशी तात्पुरती हटली असती, तरी साखर तिथेच राहिली असती. तिने आधी डोळे नेले असते, का पाय, एवढाच प्रश्न होता.

हे झाले पदर सांभाळून बसणाऱ्या घरांतले. पण दिवाळीच्या सुमारास आमच्या गावात दुसऱ्याही बायका येतात. बीडकडून, नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. रानात पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजला जातो. बाई म्हणजे अर्धा कोयता. पहाटे फडात जायचे, मोळ्या डोक्यावरून वाहायच्या, गाडी भरायची. मोरी नाही, संडास नाही, पाळीत कपडा धुवायला धड पाणी नाही. आणि खाडा झाला की मुकादमाच्या उचलीतून दंड कापला जातो. तपकिरी बाटली यांना माहीत नाही. या बायकांच्या दुखण्याचा शेवट दुसऱ्या टोकाला झाला. पांढरे जाते, ओटीपोट दुखते, पाळीत फार जाते, म्हणून त्या दवाखान्यात गेल्या की कित्येकींना सांगण्यात आले, 'पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल.' नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली २०१९ साली सरकारी समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. सहाजणींमागे एक! २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय बायकांत हे प्रमाण शंभरात सुमारे तीन होते. त्या सगळ्याच शस्त्रक्रिया नाहक होत्या असे मी म्हणणार नाही; काहींना गरजही असेल. पण ज्या दुखण्याला आठ दिवसांच्या गोळ्या पुऱ्या, त्याच्यापायी पिशवीच काढून घेतलेली बाई याच रानात, याच उसात वाकलेली आहे. आपल्या फराळाच्या शंकरपाळ्यातली साखर तिच्याच हातची.

एका बाजूला मुकाट्याने घातलेला तेलाचा बोळा, दुसऱ्या बाजूला मुकाट्याने सोसलेली सुरी. दोन्हींच्या मधोमध आहे दहा मिनिटांची तपासणी. ती कुणाला मिळते? डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांना तपासले आणि १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापले. शंभरातल्या ब्याण्णव बायकांना स्त्रीरोग होते. आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ. जगभरच्या वैद्यकाला त्या आकड्याने जाग आली, कारण तोवर गावातल्या बाईची तब्येत म्हणजे तिचे बाळंतपण, एवढाच हिशेब होता. बंगांनी नवे यंत्र आणले नव्हते. विचारले, ऐकले, तपासले.

त्याच्या किती तरी आधी, १९२७ साली, रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' काढले आणि १९५३ साली मरेपर्यंत चालवले. गणिताचा प्राध्यापक, पण शरीराच्या ज्या भागांची नावे घेणे असभ्य मानले जाई, ती त्यांनी शुद्ध मराठीत छापली. त्याबद्दल कोर्टात उभे राहिले. १९३४ साली त्यांचे वकीलपत्र घेतले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. आज कर्व्यांचे नाव अभ्यासक्रमात आहे. त्यांनी वापरलेले शब्द मात्र अजून आमच्या माजघरांपर्यंत पोचलेले नाहीत. भाषा शिकवणारीचे हे माझ्या धंद्याचे दुःख आहे. ज्या भाषेत नवऱ्याच्या नावाचे शेकडो उखाणे आहेत, तिच्यात आपल्याच शरीराचे नाव घ्यायला बाईला उखाणाही सुचत नाही.

वहिनींची साखर आता आटोक्यात आहे. बुरशी दोन आठवड्यांत गेली होती. पुन्हा आलेली नाही. गंमत म्हणजे त्या आता बोलतात. परवा फराळाला बायका जमल्या तेव्हा चकलीचा सोऱ्या फिरवता फिरवता त्यांनी एका नव्या सुनेला खड्या आवाजात विचारले, "का गं, सारखी उठतीस-बसतीस, धुपणीबिपणी हाय का?" सून लाजेने लाल झाली. सासूने डोळे वटारले. वहिनींनी सोऱ्या थांबवला नाही. "लाजतीस कशाला? मला हुती, सा महिनं. गोळी हाय त्याला. उद्या दहाच्या यस्टीनं जाऊ."

दुसऱ्या दिवशी दहाच्या एस.टी.ला तीन बायका होत्या. वटारलेल्या डोळ्यांची सासूही त्यांत होती.